कासवीचा पत्ता

जयसिंगपुरात पत्ता सांगणं फार सोपं. गल्लीचा नंबर सांगायचा, झालं. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं ही पेठ वसवली, ती मुळातच आखून. सरळ रस्ते, काटकोनात कापणाऱ्या गल्ल्या, गल्ल्यांना नंबर. रात्रीच्या गाडीनं स्टेशनवर उतरलेला नवखा पाहुणासुद्धा फारशी चौकशी न करता दारात येऊन उभा राहतो.

अशा गावात वाढल्यामुळे असेल, पण जिथं ना गल्ली ना नंबर, अशा पत्त्यावर वर्षानुवर्षांनी परतणारा एक जीव मला फार मोठं नवल वाटत आला आहे. त्याला बघायला एका मार्चमध्ये मी आणि माझी दहा वर्षांची मुलगी रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जाऊन राहिलो. तो जीव म्हणजे ऑलिव्ह रिडले जातीचं समुद्री कासव.

आमची वाट अंकलीच्या पुलावरून सुरू झाली. उदगाव मागे टाकून कृष्णा ओलांडली, मग इस्लामपूर, कराड, कोयनेचं खोरं आणि कुंभार्ली घाट. घाटमाथ्यावर गाडी थांबवून मी मुलीला म्हटलं, इथं पावसाच्या वाटण्या होतात. माथ्याच्या पूर्वेला पडलेला थेंब कोयनेत जातो, कराडला कृष्णेला मिळतो, आपल्या अंकलीच्या पुलाखालून वाहतो, नरसोबाच्या वाडीला पंचगंगेला सोबत घेतो आणि कर्नाटक, तेलंगण, आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागरात पोहोचतो. कृष्णेची सगळी लांबी सुमारे १,४०० किलोमीटर. तोच थेंब हातभर पश्चिमेला पडला, तर वाशिष्ठीत उतरून थोड्याच वेळात अरबी समुद्राला मिळतो. माणसानं या वाटणीतही हात घातला आहे. कोयना धरणात अडवलेलं बरंचसं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवून पोफळीच्या बाजूला वीजघरांत उतरवलं जातं आणि वीज करून झाल्यावर वाशिष्ठीत सोडलं जातं. पूर्वेच्या समुद्राला जायचं पाणी असं पश्चिमेच्या समुद्राला मिळतं.

हे इतक्या तपशिलानं सांगण्याचं कारण आहे. कृष्णा जिथं समुद्राला मिळते, त्या आंध्रातल्या हंसलदीवीच्या परिसरात, कृष्णा अभयारण्याच्या वाळूवरही हेच कासव अंडी घालतं. आपल्या दारावरून गेलेलं पाणी जिथं संपतं, तिथंही तेच. आणि घाट उतरून आपण जातो त्या वेळासलाही तेच. हे दोन किनारे एकमेकांना ओळखतात का? या प्रश्नाचं उत्तर २०२५ साली मिळालं. पण त्याआधी मुक्कामाला पोहोचू.

ओटीवरचा मुक्काम

वेळास म्हणजे दोन्हीकडे डोंगर, मध्ये नारळी-पोफळीच्या वाड्या आणि जांभ्या दगडाचे गडगे. नाना फडणवीसांचं हे मूळगाव. उत्तरेला बाणकोटचा किल्ला आणि सावित्रीची खाडी, खाडीपल्याड हरिहरेश्वर. इथं राहायचं ते गावकऱ्यांच्या घरी. आम्हाला ओटीवर दोन सतरंज्या, दोन गोधड्या मिळाल्या. शेजारी आणखी एक कुटुंब. न्हाणीघर सगळ्यांना मिळून एक, पाणी बंबात तापवलेलं.

"प्रवास लांबचा झाला हो तुमचा. आधी पाय धुवा, पोरीला भूक लागली असेल," म्हणत घरच्या काकूंनी पानं मांडली. भात, कुळथाचं पिठलं, पोह्याचा पापड, सोलकढी. जेवणं होईतो काका निरोप घेऊन आले, सकाळी पिल्लं निघण्याची शक्यता आहे, पण नक्की काही नाही. कासवांना वेळापत्रक नसतं. मग अंगणातला दिवा मालवला गेला. मुलीनं विचारलं, "काकू, दिवा का काढला?" काकू म्हणाल्या, "उद्या कळेल हो तुला."

पहाटे काळोखातच निघालो. गावातून वाळूपर्यंत पायी चालायचं. सुरूच्या झाडांतून वारा असा वाहत होता की समुद्र डोक्यावर आहे असं वाटावं. वाळूवर जाळीचं कुंपण घातलेली जागा होती, तिला हॅचरी म्हणतात. आत ओळीनं घरटी पुरलेली, प्रत्येकावर पाटी. पाटीवर घरट्याचा नंबर, अंडी मिळाल्याची तारीख, अंड्यांची संख्या. मुलगी हळूच म्हणाली, "पप्पा, ह्यांच्या पण गल्ल्यांना नंबर आहेत."

दीड फूट वाळूखाली

पाटीवरची ती तारीख सुमारे ५० दिवसांपूर्वीची होती. त्या रात्री काय घडलं असेल, ते आम्ही पाहिलं नाही. क्वचितच कुणी पाहतं. पण ते कसं घडतं, हे अभ्यासकांनी आणि घरटी राखणाऱ्या गावकऱ्यांनी, म्हणजे कासवमित्रांनी, बारकाईनं टिपलेलं आहे.

चाळीसेक किलो वजनाची, दोन-सव्वादोन फूट पाठीची मादी रात्री लाटांतून वर येते. पाण्यात जे पक्ष्यासारखं उडतं, ते शरीर वाळूवर ओढत न्यावं लागतं. भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत ती थांबते आणि मागच्या वल्ह्यांनी खड्डा खणू लागते. डावं वल्हं ओंजळीसारखं वाकवून वाळू उचलते, बाजूला टाकते, मग उजवं. तोंडाला अरुंद आणि तळाशी पसरट, मडक्याच्या आकाराचा दीड फुटांचा खड्डा तयार होतो. हे सगळं तिच्या पाठीमागे चाललेलं असतं. आपलं घरटं ती डोळ्यांनी एकदाही पाहत नाही.

मग शंभराच्या आसपास अंडी. टेबल टेनिसच्या चेंडूएवढी, पण कवच कोंबडीच्या अंड्यासारखं ठिसूळ नसतं. चामड्यासारखं लवचिक असतं. म्हणून एवढ्या उंचीवरून एकावर एक पडूनही ती फुटत नाहीत. शेवटी ती वाळू लोटते आणि अंग डावी-उजवीकडे आपटत जमीन ठोकून घट्ट करते. या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत असतं. ते रडणं नव्हे. समुद्राचं खारं पाणी पिणाऱ्या जिवाला अंगातलं जादा मीठ बाहेर टाकावं लागतं, आणि त्यासाठीच्या ग्रंथी डोळ्यांशी असतात. तासाभरात सारं आटोपतं आणि ती लाटांत परत जाते. या घरट्याकडे पुन्हा येत नाही.

मागे राहते ती फक्त वाळूवरची खूण. मऊ रानातून ट्रॅक्टर गेल्यावर चाकाची नक्षी उमटते ना, तशीच, एक वल्हं पुढे एक मागे अशी. ही खूण शोधत कासवमित्र उजाडायच्या आत किनारा चालतो. अंडी लवकर सापडली पाहिजेत, कारण पहिल्या काही तासांनंतर आतला गर्भ कवचाला आतून चिकटतो. त्यानंतर अंडं उलटं झालं, तर जीव जातो. म्हणून प्रत्येक अंडं आहे तसंच, न फिरवता उचलायचं आणि हॅचरीत तेवढ्याच खोलीच्या, त्याच आकाराच्या खड्ड्यात ठेवायचं. उघड्यावर राहिली, तर कुत्री, कोल्हे, रानडुकरं ती उकरून काढतात.

वाळूखाली आणखी एक अजब गोष्ट ठरते. पिल्लू नर होणार की मादी, हे आईबापांकडून आलेल्या गुणसूत्रांवर ठरत नाही, वाळूच्या उबेवर ठरतं. साधारण २९ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास नर-मादी सारखे. वाळू त्याहून गार असेल तर नर जास्त, गरम असेल तर माद्या जास्त. हा निकाल अंडी उबण्याच्या मधल्या काळात लागतो. जानेवारीच्या थंडीतलं घरटं आणि एप्रिलच्या उन्हातलं घरटं, एकाच किनाऱ्यावर असूनही वेगळी पिढी देऊ शकतात. उन्हाळे कडक होत चालले, तर फक्त माद्याच जन्माला येतील की काय, ही जगभरच्या अभ्यासकांची काळजी यातूनच आली आहे.

टोपलीखालची पहाट

कासवमित्रानं एका घरट्यावरची टोपली उचलली. काहीच नाही. नुसती वाळू, मधोमध जराशी खचलेली. तो म्हणाला, "थांबा जरा."

त्या खचलेल्या वाळूखाली काय चाललं होतं, ते मला नंतर समजलं. पिल्लू चोचीच्या टोकावरच्या इवल्याशा दातानं कवच फाडतं. पण एकटं वर येत नाही. भोवतालची अंडी फुटतात तशी आत थोडी मोकळी जागा होते. वरची पिल्लं छताची वाळू पाडतात, खालची ती पायांखाली तुडवतात. असा घरट्याचा तळच इंचाइंचानं वर सरकतो. एकानं हालचाल केली की शेजारची सगळी वळवळतात, मग सगळी थांबतात. असे काही दिवस जातात. पृष्ठभागाजवळची वाळू तापलेली लागली, तर ती तिथंच निपचित थांबतात. गार झाली की निघतात. म्हणून ती बहुधा रात्री, नाहीतर पहाटे किंवा संध्याकाळी बाहेर पडतात. दुपारच्या भाजत्या वाळूतून आणि घारींच्या नजरेतून वाचायचं हेच शहाणपण. सगळ्यांनी मिळून काढलेली ही वाट एकट्या पिल्लाला काढणं फार जड जातं.

वाळूतून आधी एक काळी चोच आली. मग वाळूनं माखलेलं डोकं, मिटलेले डोळे. ते तसंच थांबलं, जणू श्वास घेत होतं. त्याच्या बाजूला दुसरं. आणि मग अचानक उकळी फुटावी तशी वाळू उसळली आणि डझनावारी पिल्लं एकमेकांच्या पाठीवरून बाहेर आली. दीड इंचाची, काळपट राखाडी, अंगाच्या मानानं पुढची वल्ही भलतीच लांब. त्यांना पाण्याजवळच्या वाळूवर ठेवलं, पाण्यात नाही. दोरीच्या अलीकडे आम्ही सगळे गप्प उभे. ती वाळूवर चालत नव्हती, पोहतच होती. पावलाच्या ठशात एखादं पडलं की खंदकात पडल्यासारखं धडपडायचं. लाट आली, त्याला उचलून दोन हात मागे फेकून गेली. ते उलटं झालं, सुलटं झालं आणि पुन्हा त्याच दिशेनं निघालं. दुसऱ्या लाटेनं त्याला नेलं.

समुद्र कुठं आहे, हे त्याला कुणी सांगितलं? उजेडानं. रात्रीही उघडा समुद्र आभाळाचा उजेड परतवतो, तर जमिनीकडचे डोंगर आणि झाडं काळी दिसतात. खाली क्षितिजाशी जिथं उजळ, तिकडे जायचं, एवढाच नियम पिल्लू घेऊन येतं. समुद्री कासवांचा वंश दहा कोटी वर्षांहून जुना. तेवढा काळ हा नियम बिनचूक होता. आता जमिनीकडे बल्ब लागले आणि नियम उलटला. उजेडाला समुद्र समजून पिल्लं गावाकडे, रस्त्याकडे वळतात आणि सकाळच्या उन्हात सुकून मरतात. काकूंनी अंगणातला दिवा का मालवला, ते मुलीला न सांगता कळलं.

उजेडाचा विषय निघालाच आहे, तर किनाऱ्यावर तंबू ठोकणाऱ्यांना मनापासून सांगायचं ते इथंच. समुद्रकाठी तंबू ठोकून, चांदण्यात रात्र काढायची हौस मलाही आहे. पण कासवांच्या वाळूवर तो ठोकू नये. आपला कंदील, शेकोटी, मोबाईलची बॅटरी पिल्लांची दिशा चुकवते. वर येऊ पाहणारी मादी माणसांची हालचाल दिसली की अंडी न घालताच परत फिरते. उरलेल्या जेवणावर कुत्री जमतात आणि तीच मग घरटी उकरतात. तंबूतच झोपायचं असेल, तर खाडी ओलांडून रायगड जिल्ह्यात, मुरुडजवळच्या फणसाड अभयारण्यात जावं. एके काळी जंजिऱ्याच्या नवाबांचं हे शिकारीचं रान, १९८६ मध्ये अभयारण्य झालं. समुद्रापासून जवळच, पण आत शिरलं की गच्च झाडी आणि उन्हाळ्यातही प्राणी ज्यांच्यावर येतात असे पाणवठे. तिथं पाणवठ्याला 'गाण' म्हणतात. शेकरू या झाडावरून त्या झाडावर उडी मारताना दिसणं, हे तिथलं भाग्य. सुपेगावात वनखात्यानं तंबूंची सोय केलेली आहे. रानाचा तंबू रानात, किनारा मात्र काळोखात राहू द्यावा.

नंबर नसलेली गल्ली

लाटेत शिरलेलं पिल्लू आधी लाटांना छेद देत सरळ पोहतं, कारण किनाऱ्यापाशी लाटा समुद्राकडूनच येतात. पोटात अंड्यातल्या बलकाचा थोडा साठा उरलेला असतो. त्या शिदोरीवर ते पहिला दिवसभर जवळजवळ न थांबता पोहत राहतं. पुढे खोल पाण्यात मात्र लाटांचा आधार पुरत नाही. तिथून ते पृथ्वीच्या चुंबकत्वावर चालतं.

अमेरिकेत केनेथ लोहमन या जीवशास्त्रज्ञानं लॉगरहेड जातीच्या पिल्लांना पाण्याच्या टाकीत सोडलं आणि भोवती तारांची वेटोळी लावून महासागरातल्या वेगवेगळ्या ठिकाणांसारखं चुंबकीय क्षेत्र तयार केलं. पिल्लांनी समुद्र पाहिलेलाही नव्हता, तरी ज्या ठिकाणचं क्षेत्र दिलं, तिथून सुरक्षित प्रवाहात राहायला ज्या दिशेला पोहायला हवं, त्या दिशेला ती वळली. चुंबकीय क्षेत्राचा जोर आणि त्याचा जमिनीशी होणारा कोन किनाऱ्याच्या प्रत्येक पट्ट्यावर थोडा वेगळा असतो. हाच तो पत्ता. जन्मताना तो पिल्लाच्या मेंदूत कोरला जातो आणि मोठी झालेली मादी त्याच्या मागावर परत येते, असं अभ्यासकांना वाटतं. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या १९ वर्षांच्या नोंदी याला दुजोरा देतात. पृथ्वीचं क्षेत्र सावकाश सरकतं. जिथं हे पत्ते सरकून जवळजवळ आले, तिथं घरटीही दाटीनं पडली. जिथं लांब गेले, तिथं विरळ झाली. म्हणजे गल्लीच सरकली आणि रहिवासीही तिच्याबरोबर सरकले!

आपल्या किनाऱ्यावरची कासवं पुढे कुठं जातात, हे २०२२ पर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं. त्या वर्षी जानेवारीत भारतीय वन्यजीव संस्था आणि मँग्रोव्ह फाउंडेशन यांनी वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रह यंत्र बसवलं. पश्चिम किनाऱ्यावरचं हे पहिलंच, म्हणून तिचं नाव प्रथमा. मागोमाग आंजर्ले आणि गुहागरच्या माद्यांनाही यंत्रं बसली. त्यांनी श्वास घ्यायला पाण्यावर डोकं काढलं की ठिकाण कळायचं. २०२३ मध्ये गुहागरहून निघालेली बागेश्री दक्षिणेकडे खाली जात श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात शिरली.

आणि मग आलं २०२५. जानेवारीत गुहागरच्या वाळूवर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्याला धातूचा बिल्ला आढळला. त्यावर नंबर ०३२३३. शोध घेतला तेव्हा कळलं, हा बिल्ला भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागानं मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला होता. ओडिशाला ही कासवं एका रात्रीत हजारोंनी वाळूवर येतात, आपल्याकडे एकेकटी. दोन्हीकडच्या कासवांचा एकमेकांशी संबंध नसावा, असंच तोवर धरून चालत. पण ही बया निदान साडेतीन हजार किलोमीटरचा समुद्र पार करून इकडे आली आणि वाळूत अंडी घालून गेली. कुंभार्लीच्या माथ्यावर फुटणाऱ्या दोन्ही वाटा जिथं जातात, त्या दोन्ही समुद्रांना तिनं जोडलं. एका जिवाला एकच पत्ता असतो, ही माझी समजूत त्या नंबरानं मोडली. जन्मगावाची ओढ खरी, पण तिच्यात थोडी सैल दोरी असते, आणि एखादा किनारा उजाड झालाच, तर वंश त्या सैलपणावरच तगत असेल.

नजर कुणाची?

किनाऱ्यावरून परतताना मुलीनं विचारलं, "पप्पा, ह्यांची आई कुठंय?"

आपल्याकडे कासवीबद्दल एक फार जुनी समजूत आहे. तिला दूध नसतं. ती नुसत्या नजरेनं पिल्लं वाढवते. संतांनी देवाच्या कृपेला हीच उपमा दिली. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, त्याला आपण हात लावून कपाळाला लावतो. मग मी मुलीला काय सांगणार होतो? ह्यांची आई कधीच निघून गेली. तिनं पिल्लांना तर नाहीच, घरट्यालाही पाहिलेलं नाही. बरोबर बांधून दिलेली बलकाची शिदोरी आणि नीट निवडलेली जागा, एवढंच तिचं देणं. नजर ठेवायला तिथं कुणीच नव्हतं. हजारात एखादंच पिल्लू मोठं होतं, असं ढोबळ मानानं म्हणतात, आणि वाळूतली अंडी माणसंही उकरून खात, विकत.

२००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाची घरटी मोजत किनाऱ्यानं फिरत होते. वेळासला त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. त्यांनी गावकऱ्यांना हाताशी धरलं आणि ज्यांना अंडी कुठं असतात हे नेमकं ठाऊक होतं, त्यांनाच राखणदार केलं. पहिल्याच हंगामात ५० घरटी राखली गेली आणि अडीच हजारांहून जास्त पिल्लं समुद्रात गेली. पण राखण चालू राहायची, तर गावाला त्यातून चार पैसे मिळायला हवेत. म्हणून २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुण्यांनी यावं, गावकऱ्यांच्या घरी उतरावं, घरचं जेवावं, पिल्लं बघावीत.

तेव्हा त्या ओटीवरच्या सतरंजीचा अर्थ मला उमगला. न्हाणीघर एक असणं, दिवा लवकर मालवला जाणं, जेवणात पिठलं-भात असणं, ही गैरसोय नाही. कासवीनं जी नजर मागे ठेवली नाही, ती गावानं ठेवली आहे, आणि आपण साधेपणानं तिथं राहून त्या नजरेचा भार थोडा उचलतो. मोठं हॉटेल उभं राहिलं, तर झोप कदाचित छान लागेल, पण त्या झगमगाटात पिल्लांना समुद्र सापडणार नाही.

तिसऱ्या दिवशी रात्री उशिरा अंकलीचा पूल ओलांडला. गल्लीत शिरलो तोच काकूंचा फोन. "पोचलात ना हो नीट?" मुलीनं फोन हिसकावून घेतला आणि म्हणाली, "पोचलो. आणि काकू, पिल्लं पोचली काय?"

पलीकडून क्षणभर उत्तर आलं नाही. मग काकू म्हणाल्या, "त्यांचं कळायला बारा-पंधरा वर्षं लागतील गं. तोवर आम्ही रोज पहाटे वाळू बघत राहतो."